मेटकाफचे 'छोटे प्रजासत्ताक' आणि आमची गावे

दरवर्षी १७ सप्टेंबर जवळ आला की आम्हा मराठवाड्यातल्या मुसलमानांना इतिहासाचे दोन धडे ऐकावे लागतात. व्यासपीठावरून एक धडा मिळतो : निजामाच्या राजवटीने हा मुलूख नागवला, आणि निजाम मुसलमान होता. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून दुसरा धडा मिळतो : निजामाच्या काळात सगळे कसे शांत, नेमस्त होते, अमन होता. दोन्ही धड्यांत एक गोष्ट समान आहे. दोन्हींत इंग्रज कुठेच नाही. जणू १७२४ पासून १९४८ पर्यंत नांदेड, कंधार, उदगीर, औसा या भागात निजाम आणि रयत एवढेच दोघे होते, आणि हैदराबादेत मुसी नदीच्या काठी रेसिडेन्सीची ती भव्य खांबांची कोठी फक्त शोभेसाठी उभी होती.

या लेखात आम्ही त्या कोठीत पाच वर्षे राहिलेल्या एका माणसाची हकिकत सांगणार आहोत. त्याचे नाव चार्ल्स मेटकाफ. पुढे तो हिंदुस्थानचा हंगामी गव्हर्नर जनरल झाला, मग जमैकाचा गव्हर्नर, मग कॅनडाचा गव्हर्नर जनरल. तीन मुलखांत कारभार केलेल्या या माणसाचा आमच्या गावांशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडेल. संबंध दुहेरी आहे. त्याने आमच्या मुलखाची लूट होताना पाहिली आणि एका परीने ती थांबवली. आणि त्याने हिंदुस्थानच्या खेड्याविषयी एक असे मत लिहून ठेवले, की त्याची परीक्षा पुढे ११८ वर्षांनी आमच्याच जिल्ह्यांत झाली.

अमृतसर ते हैदराबाद

मेटकाफचा जन्म ३० जानेवारी १७८५ चा, कलकत्त्याचा. बाप कंपनीच्या फौजेत मेजर. शिक्षण विलायतेत ईटनला झाले आणि सोळाव्या वर्षी पोरगा कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला परत आला. फोर्ट विल्यम कॉलेजच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत त्याची गणना होते. वयाच्या चोविसाव्या वर्षी, २५ एप्रिल १८०९ रोजी, त्याने महाराजा रणजितसिंगांबरोबर अमृतसरचा तह घडवून आणला. सतलज नदी ही हद्द ठरली. त्यानंतर १८११ पासून १८१९ पर्यंत तो दिल्लीचा रेसिडेंट होता. मुघल बादशहा अकबरशाह दुसरे लाल किल्ल्यात नावापुरते उरले होते आणि कारभार मेटकाफ पाहत होता. (दिल्लीतले प्रसिद्ध 'मेटकाफ हाऊस' मात्र त्याचा धाकटा भाऊ थॉमस याचे.) दिल्लीच्या मुलखात त्याने फाशीची शिक्षा टाळली आणि गुलामांच्या खरेदी-विक्रीला बंदी केली. माणूस कडक, एकांडा आणि हिशेबाला चोख होता.

१८२० च्या अखेरीस तो हैदराबादला रेसिडेंट म्हणून आला. गादीवर निजाम सिकंदरजाह होते. दिवाण मुनीर-उल-मुल्क नावाचे धनी, आणि खरा कारभार पेशकार राजा चंदुलाल यांच्या हाती. चंदुलाल खत्री, नानकपंथी, आणि 'शादां' या तखल्लुसने शायरी करणारे. निजामाच्या राजवटीला नुसती 'मुसलमानी राजवट' म्हणणाऱ्यांनी एवढी एकच गोष्ट ध्यानात घ्यावी, की १८०८ च्या सुमारापासून १८४३ पर्यंत राज्याच्या तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला होत्या ते मुसलमान नव्हते. आणि त्यांच्या पाठीशी जो उभा होता तो इंग्रजही मुसलमान नव्हता.

नाव्ह्याची गढी

मेटकाफ येण्याच्या पावणेदोन वर्षे आधी आमच्या नांदेड जिल्ह्यात काय घडले होते ते पाहू. हदगाव परगण्यात नाव्हा येथे नोवसाजी नाईक या हटकर सरदाराची गढी होती. जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमनच्या हाताखालच्या फौजेने या गढीला वेढा घातला. तोफा लावल्या, सुरुंग पेरले, आणि महिनाअखेर गढी पडली. आतली चारशेहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत मोठा भरणा अरब शिपायांचा होता.

हटकर नाईकाच्या गढीत अरब लढतात आणि मरतात, आणि त्यांच्यावर चालून येणारी फौज 'निजामाची' म्हणवते. आता यात हिंदू कोण आणि मुसलमान कोण, याचा हिशेब ज्याला मांडायचा त्याने मांडावा. त्या वेळी तरी लढाईची फळी तशी नव्हती.

आणि ती फौज तरी निजामाची होती का? पगार निजामाच्या तिजोरीतून जात होता, हे खरे. पण तिचे अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा. मेटकाफच्या आधीचा रेसिडेंट हेन्री रसेल याने ती उभी केली म्हणून तिच्या एका भागाला 'रसेल ब्रिगेड' म्हणत. पुढे तिचेच नाव हैदराबाद कंटिन्जंट झाले. हिंगोली, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) आणि मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई येथे तिच्या छावण्या होत्या. वास्तविक संरक्षणासाठी म्हणून कंपनीची तैनाती फौज हैदराबादेत वेगळी होतीच, आणि तिच्या खर्चापोटी १८०० च्या तहात निजामाने आपले मोठे जिल्हे कंपनीला कायमचे तोडून दिले होते. म्हणजे संरक्षणाची किंमत एकदा चुकती झाली होती. कंटिन्जंटचा सालीना सुमारे चाळीस लाखांचा खर्च हा त्याच्या वर. तहाप्रमाणे निजामाने युद्धप्रसंगी घोडदळ-पायदळ द्यायचे होते. त्याची शांततेच्या काळातही पोसायची कायमची फौज झाली. मेटकाफने स्वतःच पुढे लिहून ठेवले, की ही फौज म्हणजे रेसिडेंटचे एक खेळणे आणि निजामाच्या खर्चाने आपल्या माणसांना नोकऱ्या वाटण्याचे साधन झाले आहे.

पामर कंपनीचे कर्ज

हे चाळीस लाख यायचे कुठून? इथे विल्यम पामर आणि कंपनी या पेढीचा प्रवेश होतो. १८१४ साली हैदराबादेत ही पेढी निघाली. विल्यम पामर हा जनरल पामर आणि फैज बख्श बेगम यांचा मुलगा. आई मुसलमान उमराव घराण्यातली, बाप इंग्रज. हा पामर आधी निजामाच्या फौजेत होता. फारसी-हिंदुस्थानी दरबारी रीतीभाती त्याला घरच्या होत्या. पुढे सर विल्यम रम्बोल्ड हा भागीदार पेढीत आला. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने लहानपणापासून सांभाळलेली मुलगी या रम्बोल्डची बायको होती.

विलायतेच्या कायद्याने युरोपियन माणसाला देशी संस्थानिकांना कर्ज देण्यास मनाई होती आणि व्याजाचीही मर्यादा शेकडा १२ होती. हेस्टिंग्जने १८१६ साली या पेढीला खास परवानगी दिली. मग पेढीने शेकडा २५ पर्यंत व्याज लावले. फौजेचा पगार पेढीने भरायचा आणि त्याच्या बदल्यात मुलखाचा वसूल पेढीकडे लावून द्यायचा, अशी व्यवस्था झाली. १८२० साली तर ६० लाखांचे नवे कर्ज मंजूर झाले. आधीची महागडी कर्जे फेडावीत, रयतेला तगाई द्यावी, असे त्याचे कागदावरचे हेतू होते.

मेटकाफने येताच वह्या मागवल्या. त्याला दिसले ते असे : ६० लाख रोख कधी मोजलेच गेले नव्हते. मोठा भाग जुन्याच कर्जाचा आकडा फिरवून नव्या खात्यावर लिहिलेला होता, आणि त्यात पेढीच्या भागीदारांना बक्षीस म्हणून ८ लाख धरलेले होते. रयतेची तगाई हवेतच राहिली.

त्याने कलकत्त्याला लिहिले. गव्हर्नर जनरल नाराज झाला, खासगी पत्रे गेली-आली, मैत्री तुटली. मेटकाफ हटला नाही. अखेर १८२३ मध्ये मार्ग निघाला. उत्तर सरकार प्रांतापोटी कंपनी निजामाला दरसाल सात लाखांची पेशकश देत असे. ती पेशकश कायमची रद्द करायची आणि तिच्या बदल्यात कंपनीने १ कोटी १६ लाख ६६ हजारांची रक्कम एकदम द्यायची, असे ठरले. ही रक्कम पामरच्या कर्जफेडीत गेली. १८२४ मध्ये पेढी बुडाली.

या प्रकरणात मेटकाफ प्रामाणिक होता, यात आम्हाला शंका नाही. पण हिशेब तपासून पाहा. लबाडी पेढीची, परवानगी गव्हर्नर जनरलची, सही चंदुलालची, आणि फेड कशाने झाली? निजाम सरकारच्या हक्काच्या उत्पन्नाने. कंपनीने पदरचे काही गमावले नाही. उलट दरसाल सात लाख देण्यातून ती कायमची मोकळी झाली. कर्जाचे जे मूळ, म्हणजे कंटिन्जंट, ती तशीच राहिली. मेटकाफने सावकार हाकलला. सावकाराला जन्म देणारी व्यवस्था त्याने हलवली नाही, कारण ती त्याच्याच सरकारची होती.

गावाशी कौल

चंदुलालच्या कारभारात तालुके जणू लिलावात निघत. जो जास्त नजराणा आगाऊ भरेल तो तालुकदार. त्याने पैसा सावकाराकडून उचललेला असे. दुसऱ्याने जास्त बोली केली की पहिला उतरे. म्हणून हाती आहे तोवर ओरबाडायचे. वसुलीला अरब आणि रोहिल्यांच्या टोळ्या, देशमुख-देशपांड्यांचा वेगळा हक्क, आणि शेवटी कुणबी गाव सोडून रानोमाळ. मेटकाफने १८२१ मध्ये मुलखात दौरा केला तेव्हा त्याला ओसाड गावे दिसली. तालुकदारांत हिंदू होते, मुसलमान होते. सावकारांत मारवाडी, गुजराती, रोहिले होते. ओसाड गावांतही हिंदू-मुसलमान दोघांची घरे होती.

मेटकाफने उपाय केला तो गावाला धरून. त्याने इंग्रज अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यांत नेमले. त्यांनी पाटील-कुलकर्ण्यांसमोर गावाचा सारा काही वर्षांसाठी ठरवून द्यायचा, तसा कौल लिहून द्यायचा, आणि तालुकदाराने त्यापेक्षा एक पैसा जास्त घेतला तर दाद लावायची. या अधिकाऱ्यांच्या अहवालांवरून रयत गावी परतू लागली आणि लागवड वाढली असे दिसते.

पण ही व्यवस्था टिकली नाही. मेटकाफ १८२५ मध्ये पुन्हा दिल्लीला गेला. २१ मे १८२९ रोजी सिकंदरजाह वारले. नवे निजाम नासिरुद्दौला यांनी पहिली मागणी केली ती हीच, की इंग्रज अधिकारी माझ्या जिल्ह्यांतून काढून घ्या. बेंटिंकने ती मान्य केली. कलकत्त्याच्या कौन्सिलात बसलेल्या मेटकाफने विरोध नोंदवला, तो चालला नाही. अधिकारी गेले आणि तालुक्यांचे लिलाव पुन्हा सुरू झाले. कंटिन्जंट मात्र गेली नाही. तिची थकबाकी साचत साचत १८५३ मध्ये वऱ्हाड, रायचूरचा दोआब आणि धाराशिव-नळदुर्गचा भाग इंग्रजांच्या ताब्यात गेला. नळदुर्गचा भाग १८६० मध्ये परत आला, वऱ्हाड कधीच आले नाही.

याच सुमारास नांदेडला वेगळेच काही घडत होते. १८३० नंतरच्या दशकात रणजितसिंगांच्या आश्रयाने गोदाकाठी गुरू गोविंदसिंगांच्या समाधिस्थळी गुरुद्वाऱ्याची वास्तू उभी राहत होती. ज्या रणजितसिंगांना सतलजच्या पलीकडे थोपवण्याचा तह मेटकाफने केला, त्यांचे कारागीर दख्खनमध्ये गोदावरीपर्यंत पोहोचले, तेही निजामाच्या राज्यात. नद्यांच्या हद्दी तहनाम्यात ठरतात, श्रद्धेला त्या लागू होत नाहीत.

'छोटे प्रजासत्ताक'

७ नोव्हेंबर १८३० च्या एका सरकारी टिपणात मेटकाफने ते प्रसिद्ध मत मांडले. त्याचा आशय असा : हिंदुस्थानातली खेडी ही छोटी छोटी प्रजासत्ताके आहेत. गरजेचे सगळे ती आपल्यातच भागवतात. घराणी कोसळतात, राज्यक्रांत्या होतात, पठाण, मुघल, मराठे, शीख, इंग्रज आळीपाळीने धनी होतात, गाव तसेच राहते. लुटारू आले तर गाव पळते, वादळ सरले की परतते. बाप नाही परतला तर मुलगा परततो आणि त्याच शेतात नांगर धरतो.

हे टिपण त्याने लिहिले ते मुख्यतः उत्तरेकडच्या साराबंदीच्या वादात. तरी आम्हाला त्यात ओसाड पडलेली आणि कौल मिळताच पुन्हा वसलेली दख्खनची खेडी दिसतात. आपला गावगाडाही त्यात दिसतो. त्या गावगाड्यात मुलाणी बलुतेदार होता, पिंजारी होता, मोमीन विणकर होता, बागवान होता. पिराचा उरूस गावाचा आणि गावाची जत्राही गावाची. हे चित्र खोटे नव्हते. पण अपुरे होते. गावाच्या वेशीबाहेर महारवाडा होता आणि तो मेटकाफला दिसला नाही.

पुढची कारकीर्द थोडक्यात सांगू. मार्च १८३५ ते मार्च १८३६ तो हंगामी गव्हर्नर जनरल होता. त्या अवधीत १८३५ चा अकरावा कायदा करून त्याने वृत्तपत्रांवरचे परवान्याचे निर्बंध उठवले. १५ सप्टेंबर १८३५ पासून तो लागू झाला. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' तीनच वर्षांपूर्वी निघाले होते. पुढच्या एक-दोन वर्षांत दिल्लीत मौलवी मुहंमद बाकर यांनी आपले उर्दू अखबार काढले. त्याच मौलवी बाकरांना १८५७ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी ठार केले, ही गोष्टही विसरता येणार नाही. मेटकाफला या कायद्याची किंमत मोजावी लागली. कंपनीचे डायरेक्टर रागावले, मद्रासची गव्हर्नरी हुकली, आणि आग्र्याची लेफ्टनंट गव्हर्नरी सोडून तो १८३८ मध्ये विलायतेला गेला. १८३९ ते १८४२ जमैकात त्याने मळेवाले आणि नुकतेच मुक्त झालेले गुलाम यांच्यात समेटाचा प्रयत्न केला. १८४३ मध्ये कॅनडात मात्र निवडून आलेल्या मंत्र्यांशी त्याचे बिनसले. सरकारी नेमणुका कोणाच्या सल्ल्याने करायच्या, यावरून मंत्र्यांनी राजीनामे दिले. जुना रेसिडेंट जागा झाला म्हणायचा. गालाच्या कर्करोगाने पोखरलेला हा माणूस ५ सप्टेंबर १८४६ रोजी हॅम्पशायरमध्ये मरण पावला. लग्न त्याने केले नव्हते. एका हिंदुस्थानी स्त्रीपासून त्याला तीन मुलगे होते.

१९४८ : दोन नोव्हेंबर

आता ज्या परीक्षेचा उल्लेख सुरुवातीला केला तिच्याकडे येऊ. १९४७-४८ मध्ये रझाकारांनी मराठवाड्याच्या खेड्यांवर जुलूम केले. घरे जाळली, माणसे मारली. त्यांचा नेता कासिम रझवी हा लातूरचा वकील. हे आम्ही दबक्या आवाजात सांगत नाही, उघड सांगतो. त्यांच्याविरुद्ध लिहिणाऱ्या 'इमरोज'च्या शोएबुल्ला खान या मुसलमान संपादकाचा २२ ऑगस्ट १९४८ च्या पहाटे हैदराबादेत खून झाला, हेही सांगतो. मग १३ सप्टेंबरला पोलिस ॲक्शन सुरू झाली आणि पाच दिवसांत संपली. राज्य बदलले. मेटकाफच्या सिद्धांताप्रमाणे गाव तसेच राहायला हवे होते.

राहिले नाही. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या समितीने १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संस्थानभर फिरून अहवाल दिला. तो कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असा समितीचा अंदाज आहे. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावे त्यात आहेत. आजचा लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबाद आणि बिदर या जिल्ह्यांत विभागलेला होता. लातूर शहरात वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली आणि सुमारे दहा हजार मुस्लिम वस्तीपैकी जेमतेम तीन हजार उरली, अशी नोंद समितीने केली. जे रझाकारांत कधी गेले नाहीत, ज्यांना रझवीचे भाषण माहीत नव्हते, असे मुलाणी आणि पिंजारी जुलमाचा हिशेब चुकवण्यात मेले. आमच्या थोरल्यांच्या 'अमन'च्या आठवणी जिथे अचानक थांबतात, ती जागा ही आहे.

पण त्याच अहवालात दुसरी नोंद आहे. हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमान स्त्री-पुरुषांना वाचवले. काही ठिकाणी हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यात त्यांनी स्वतःचे प्राणही गमावले. एकाच धंद्यात राबणाऱ्यांची आपुलकी समितीला ठळक दिसली. म्हणजे गाव जिथे मोडले तिथे माग टिकला.

याच काळात, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटना परिषदेत मसुदा मांडत होते. खेडे हा राज्यघटनेचा पाया का केला नाही, अशी टीका झाली होती. उत्तर देताना त्यांनी मेटकाफचे नाव घेतले. खेड्याविषयीचे हे प्रेम मेटकाफच्या स्तुतीतून आले आहे, असे ते म्हणाले. खेडी टिकली हे खरे, पण नुसते टिकून राहण्यात काय मोठेपण, कोणत्या पातळीवर टिकली ते पाहा, असा त्यांचा सवाल होता. मसुद्याने खेडे सोडून व्यक्तीला घटक मानले याचा त्यांनी आनंद व्यक्त केला.

एक नोव्हेंबर १८३० चा, दुसरा १९४८ चा. पहिल्यात मेटकाफ म्हणतो, गावावर सोपवा. दुसऱ्यात वेशीबाहेरचा माणूस म्हणतो, गावावर सोपवू नका, माणसाला हक्क द्या. लातूर-नांदेडच्या मुसलमानाला दुसऱ्या नोव्हेंबरचे बोलणे अधिक जवळचे वाटले पाहिजे. त्या आठवड्यांत गावाने ज्याला बाहेर काढले, त्याला परत येऊन राहण्याचा हक्क गावाने दिला नाही, तो घटनेने दिला.

मेटकाफला आम्ही खलनायक ठरवत नाही आणि देवमाणूसही नाही. त्याच्याकडून एक सवय मात्र उचलण्यासारखी आहे : वह्या मागवण्याची. आमच्यापैकी अनेकांच्या घरी पत्र्याच्या पेटीत फारसी, मोडी, उर्दू कागद पडून आहेत. कौल आहेत, इनामाच्या सनदा आहेत, सावकाराच्या पावत्या आहेत. वाळवी लागण्याआधी ते वाचले पाहिजेत. ते वाचले तर १७ सप्टेंबरच्या दोन्ही धड्यांत जो इंग्रज नाही तो सापडेल, तालुकदार सापडेल, सावकार सापडेल, आणि त्या सर्वांच्या खाली दबलेला, हिंदू आणि मुसलमान दोन्ही असलेला, कुणबी आणि विणकर सापडेल. तो आमचा खरा पूर्वज. निजाम आमचा पूर्वज नव्हता.